आत, बाहेर आणि आतल्या आत

आमच्या ऑफिसात कुणी खुर्चीवरून उठलं की सर मान वर न करता विचारायचे, “आत की बाहेर?”

पाणी प्यायला उठलेला माणूस गोंधळून उभा राहायचा. पाण्याचं पिंप हॉलमध्येच होतं, दाराजवळ. ते आत धरायचं की बाहेर? “सर, पाणी,” असं म्हटलं की त्यांचं समाधान व्हायचं. “मग आतच,” असं पुटपुटून ते पुन्हा पडद्याकडे वळायचे. नवीन लागलेल्या एका मुलीला त्यांनी बाथरूमला जातानाही हाच प्रश्न विचारला, तेव्हा तिने बॉसकडे तक्रार केली. बॉसनी त्यांना बोलावून समज दिली. ते म्हणाले, “ती का उठली ते मी विचारलं नाही. कुठे चालली एवढंच विचारलं.” त्यांच्या मते या दोन प्रश्नांत फार अंतर होतं. त्या मुलीच्या मते अजिबात नव्हतं. त्यानंतर ते बायकांना विचारेनासे झाले, पण कुणी उठलं की त्यांचे ओठ हलायचे ते हलायचेच.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. ज्यांना आठवायचे त्यांना ते एवढ्यावरूनच आठवतील.

चिंचपोकळी स्टेशनावरून चालत जाण्यासारखं आमचं ऑफिस होतं. एका बंद गिरणीचं सुताचं गोदाम पार्टिशनं घालून गाळे म्हणून भाड्याने दिलेलं. खाली लेथची खडखड, शेजारी लग्नपत्रिका छापणारा, आणि वर आम्ही, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारे. एक मोठा हॉल, हॉलच्या टोकाला कपाटं आडवी लावून केलेला बोळ, आणि त्या बोळात समोरासमोर दोन दारं. एक जिन्याचं, दुसरं सर्व्हर ठेवलेल्या अंधाऱ्या खोलीचं. ही रचना लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

मी तेव्हा पंचविशीचा होतो, दादरचा, नुकताच शिकून बाहेर पडलेला. ते चाळिशीला टेकलेले, आमच्या टीमचे प्रमुख. सदऱ्याची उजवी बाही कोपरापर्यंत दुमडलेली आणि डावीचं मनगटावर बटण लावलेलं, असे ते रोज यायचे. कारण विचारलं तर म्हणाले, “काम एकच हात करतो. दुसऱ्याला कशाला थंडी?” जागेवरून उठताना माउस उलटा करून ठेवायचे, पाठीवर पडलेल्या झुरळासारखा. त्या काळी माउसच्या पोटात रबरी गोळी असायची आणि तिच्या भोवतालच्या चाकांवर मळ साचायचा. तो ते काडेपेटीच्या काडीने खरवडून काढायचे आणि बोटावर घेऊन खिडकीपाशी जाऊन न्याहाळायचे. एकदा मला म्हणाले, “बघ, कापूस. गिरणी कधीच बंद झाली, तंतू अजून उडतोय.” तो आमच्याच शर्टांचा असणार.

दुसऱ्यांना कुठे जाता म्हणून विचारणारा हा माणूस स्वतः मात्र कुणाच्याही मागे न सांगता येऊन उभा राहायचा. खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं टेकलेली. बोलणं नाही. आपण वळलो की निघून जायचे. शेजारी बसणारा मित्र म्हणायचा, “सर आले ना, की माझी खुर्ची हायलाइट होते.”

या विनोदात त्यांचं सगळं वेड आहे, म्हणून थोडं समजावून सांगतो. पडद्यावर चौकोन असतात, आणि चौकोनांच्या आत चौकोन असतात. मोठ्या चौकोनावर माउसचा बाण आला की त्याला संगणक कळवतो, बाण आला. मग तो चौकोन उजळतो, रंग बदलतो, काय करायचं ते करतो. बाण निघून गेला की कळवतो, बाण गेला. चौकोन विझतो. इथवर सगळं सरळ आहे. पण बाण मोठ्या चौकोनातून त्याच्याच आतल्या लहान चौकोनावर सरकला, तर आमच्या त्या वेळच्या व्यवस्थेत संगणक मोठ्याला कळवायचा की बाण गेला. खरं तर बाण त्याच्या पोटात असायचा. मोठा चौकोन विझायचा, बाण जरा हलला की पुन्हा पेटायचा, पुन्हा विझायचा. पडदा खराब ट्यूबलाइटसारखा लुकलुकायचा.

बाकीच्यांसाठी ही एक कटकट होती. त्यांच्यासाठी तो अन्याय होता.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या खुर्चीवर दोन बोटं टेकवली, आणि त्या दिवशी मी वळलो तरी गेले नाहीत.

“बाण कुठे आहे?”

“बटणावर, सर.”

“बटण कुठे आहे?”

“पॅनेलमध्ये.”

“मग पॅनेल का विझलं?”

“सर, सिस्टिमच तसं कळवते. बाण गेला म्हणून.”

“गेला हे कळलं. कुठे गेला?”

मी माउस पुन्हा हलवून बघितला.

“अरे, ती माहितीही सिस्टिम देते. बाण कुठून निघाला आणि कुठे चाललाय, दोन्ही. आपण दुसरं वाचतच नाही. नुसतं गेला म्हटलं की झालो मोकळे दिवे मालवायला.”

मी माझ्या परीने उपाय काढला. बाण गेल्याची खबर आली की लगेच विझायचं नाही, थोडं थांबायचं, तेवढ्यात परत आला तर ठीक. लुकलुक जवळपास थांबली. मी खुशीत दाखवायला गेलो. त्यांनी बघितलं, चष्मा काढला, पुसला.

“उशीर करणं म्हणजे विचारणं नव्हे,” म्हणाले, आणि सगळं पुसून टाकायला लावलं.

त्यांच्याबरोबर काम करणं सोपं नव्हतं, हेही लिहिलं पाहिजे. चौकोनावर बाण नेल्यावर जी माहितीची छोटी चिठ्ठी उघडते, तिच्यावर बाण गेला तर तो आत धरायचा की बाहेर, यावर त्यांनी एक अख्खं काम अडकवून ठेवलं होतं. “चिठ्ठी गॅलरीसारखी आहे,” ते म्हणायचे. “गॅलरीत उभा राहिलेला माणूस घरातलाच.” बॉस दारातून ओरडायचे, “अहो, गॅलरी सोडा, डिलिव्हरी द्या!” गिऱ्हाइकं कंटाळून जायची. पगार पुढे ढकलले जायचे, आमचेही. त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे, आणि आम्हाला त्याचा राग यायचा. माझाही होता. पुढे जे झालं त्यात त्या रागाचा वाटा किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. लालबागची चाळ, तिसरा मजला, एक खोली, तिच्यातच ओट्याचा कोपरा आणि मोरी. घरात ते आणि त्यांची आई, दोघंच. आई सावंतवाडीकडची, घरात मालवणीच बोलायची. सुरमई तळली जात होती. मी पाटावर टेकतो न टेकतो तोच ते म्हणाले, “आई, जरा हंयसर बस. तू आता खोली.”

“मी खोली?” आईच्या हातात उलथनं.

“तू खोली. मी चाललंय. सांग, मी गेलंय काय?” असं म्हणून ते उठले आणि मोरीत जाऊन उभे राहिले.

“मोरयेत गेलंस.”

“म्हणजे घरातसून गेलंय?”

“मोरी काय शेजाऱ्याची आसा?” आई माझ्याकडे वळली. “पिसो झालो हा. दर खेपेक कोण इलो की ह्याच.”

ते मोरीच्या दारातून मला म्हणाले, “बघितलंस? शाळेत गेलेली नाही ती. पण मी दिसेनासा झाल्यावर आधी कुठे ते बघते, मग गेला म्हणते.”

आम्ही जेवलो. जेवताना आईनेच विषय काढला, तोही सहज, माशातला काटा काढता काढता. “ह्येचो बापूस संपात सकाळी उठान जाय. खंय जाता ता माकापण सांगूक नाय. चाळीन ठरवल्यान, गिरणीत जाता. फुटलो. नळार माका कोण पाणी भरूक देय नाय.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते भात कालवत होते.

संप लांबला तेव्हा काही कामगार मागच्या दाराने कामावर जाऊ लागले होते. त्यातल्या काहींना गिरणीतच ठेवून घेत, जेवण आत, झोपणं आत. बाहेर ज्यांच्या चुली बंद पडल्या होत्या त्यांच्या लेखी त्याहून वाईट काही नव्हतं. त्यामुळे चाळीतून सकाळी निघून कुठे जातो ते न सांगणारा माणूस कुठे जात असेल, याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

“मगे एक कोळीण इली मासे विकूक,” आई म्हणाली. “कुलाब्याकडची. ह्येचो बापूस जिनो चढताना तिना बघल्यान. आणि सगळ्यांसमोर काय म्हणता, यो तर आमच्या धक्क्याव पाट्या उचलतो!”

आई हसली. ते हसले नाहीत.

मला सोडायला ते गॅलरीपर्यंत आले. तिथे कठड्याला टेकून म्हणाले, “बाबा जॉबर होते. म्हणजे दुसऱ्यांना कामाला लावणारे. असा माणूस कुलाब्याच्या मच्छीमार नगरात माशांच्या पाट्या वाहतो, हे सांगायला त्यांची जीभ वळली नाही. सकाळी इथून निघताना लोकांनी रोज पाहिलं त्यांना. कुठला सदरा घालून गेले तेही लोकांना पाठ होतं. कुठे, हे कुणी विचारलं नाही.”

“विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी?”

“कुणास ठाऊक. बहुतेक नसतं सांगितलं.” मग जरा थांबून, “पण विचारायला हवं होतं.”

“नंतर लोक बोलायला लागले?”

“लागले की. काही झालंच नाही असे बोलायला लागले. बाबा नाही बोलले. शेवटपर्यंत या कठड्याशी उभे राहायचे, पण कुणाच्या दारात पाऊल टाकलं नाही.”

त्यानंतर ऑफिसातला त्यांचा प्रश्न मला विचित्र वाटेनासा झाला. म्हणजे काही काळ.

बोळातला फळा त्यांनी त्याच सुमारास लावला. गिरणीच्या दारात हजेरीसाठी पितळी बिल्ले अडकवायचा फळा असायचा, त्यावरून त्यांना सुचलं असावं. प्रत्येकासाठी तीन खिळे आणि एक वॉशर, वॉशरवर खरवडलेलं नावाचं आद्याक्षर. खिळ्यांवर रंगाने लिहिलं होतं: बाहेर, आत, आतल्या आत. आतल्या आत म्हणजे सर्व्हरची खोली. तिथे गेलेल्या माणसाला हाक मारली तरी ऐकू येत नसे, म्हणून हा तिसरा खिळा. त्यांचा स्वतःचा मात्र वॉशर नव्हता, बिल्ला होता. वडिलांचा, खरा गिरणीतला, आकडा झिजलेला. आम्ही महिनाभर उत्साहाने वॉशर हलवले. मग कंटाळलो. ते एकटे हलवत राहिले.

तेवढ्यात आम्हाला मोठं काम मिळालं. गिरण्यांच्या जागांवर टॉवर उभे राहू लागले होते, आणि एका बिल्डरला विक्रीच्या ऑफिसात ठेवायला पडद्यावरचा टॉवर हवा होता. बाण मजल्यावर नेला की अख्खा मजला सोनेरी उजळला पाहिजे, मजल्यातल्या फ्लॅटवर नेला की फ्लॅट आणखी उजळला पाहिजे, आणि क्लिक केलं की तो फ्लॅट उघडून आतून दिसला पाहिजे. टॉवरमध्ये मजला, मजल्यात फ्लॅट, फ्लॅटमध्ये खोल्या. चौकोनांच्या आत चौकोन, त्यांच्या आत चौकोन. जणू त्यांच्यासाठीच आलेलं काम. जमीन कुठल्या गिरणीची होती ते सगळ्यांना माहीत होतं. ते त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. फक्त ऑफिसात लवकर यायला लागले.

नेहमीप्रमाणे उशीर झाला. बिल्डरकडच्या मॅडम बघायला येणार त्याच्या आदल्या दिवशीही मजले लुकलुकत होते. त्यांनी सगळं मुळापासून नव्याने लिहायला घेतलं होतं, दर चौकोन बाण कुठे गेला ते विचारेल असं. ते जवळजवळ संपलं होतं. जवळजवळ. ते जेवायला गेले असताना बॉस माझ्या टेबलाशी आले.

“उद्या लुकलुक दिसता कामा नये.”

“सर करतायत.”

“सर तीन महिने करतायत. तुझ्याकडे काही आहे?”

माझ्याकडे होतं. आतल्या चौकोनांना बहिरं करून टाकता येतं. दिसतात, पण बाण त्यांच्यावर आला तरी त्यांना कळत नाही. बाण आरपार जातो, मोठ्या चौकोनाला वाटतं तो आपल्यावरच आहे. तो विझतच नाही. लुकलुक एका ओळीत बंद. फक्त मग आतल्या चौकोनाला क्लिकही कळत नाही, फ्लॅट वेगळे उजळत नाहीत की उघडत नाहीत. हे शेवटचं वाक्य मी बॉसला सांगितलं नाही. उद्या माउस माझ्याच हातात असणार होता. मी क्लिक करणारच नव्हतो.

“टाक,” बॉस म्हणाले. “त्यांना सांगू नकोस. परत गॅलरी काढून बसतील.”

मी टाकलं.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. हॉलमध्ये मोठा पडदा, आम्ही सगळे मागे उभे, ते एका बाजूला, दुमडलेल्या बाहीवर दुसरा हात ठेवून. मी बाण मजल्यांवरून फिरवला. एकेक मजला सोनेरी झाला, शांतपणे. बॉसचा श्वास मला ऐकू आला. सरांच्या कपाळावर मात्र आठी पडली. आपण अजून चढवलेलंच नाही ते कसं चालतंय, हे त्यांना कळेना.

“वा, छान,” मॅडम म्हणाल्या. “द्या इकडे.” आणि त्यांनी माझ्या हातातून माउस घेतला.

त्यांनी एका फ्लॅटवर क्लिक केलं. काही झालं नाही. पुन्हा केलं. दुसऱ्या फ्लॅटवर केलं.

“खुलता नहीं है. हे उघडत का नाही?”

बॉसनी सरांकडे बघितलं, सगळ्यांनीच बघितलं, कारण काम त्यांचं होतं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय केलंय ते त्यांना तेवढ्या वेळात समजलं असणार. ते वळले आणि हॉलमधून बोळात गेले.

“ये क्या, चले गये?” मॅडमच्या आवाजात आता हसू नव्हतं.

बॉसनी मला खूण केली, बघ. मी बोळात गेलो. जिन्याचं दार नेहमीसारखं उघडं होतं. सर्व्हरच्या खोलीचं बंद. आणि फळ्यावर त्यांचा पितळी बिल्ला तिसऱ्या खिळ्यावर होता, अजून किंचित हलत होता. अशा वेळीसुद्धा त्यांनी तो हलवला होता.

त्या दारावर मी थाप मारायला हवी होती. किंवा हॉलमध्ये जाऊन एवढंच म्हणायला हवं होतं, ते आत आहेत, नीट करतायत, जरा थांबा. पण ते बाहेर आले की पहिला प्रश्न निघणार होता: हे आतले चौकोन बहिरे कुणी केले?

मी परत आलो.

“गेले का?” बॉसनी विचारलं.

“हो, गेले.”

मी खोटं बोललो नाही, अशी मी त्यानंतर कैक वर्षं स्वतःची समजूत घातली. संगणक त्या चौकोनाला जेवढं सांगतो तेवढंच मी सांगितलं.

बॉस मॅडमना म्हणाले, “माफ करा, माणूस हुशार आहे पण जरा सटकलेला आहे. आजपासून हा बघेल.” हा म्हणजे मी. मॅडमनी घड्याळ बघितलं, आठवड्याची मुदत दिली आणि त्या गेल्या. जिन्यात त्यांच्या सँडलचा आवाज अजून येत होता तेव्हा सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं.

“झालं,” ते म्हणाले. चेहरा घामाने भिजलेला, आणि त्यावर आनंद. “आता करा क्लिक. मॅडम कुठे आहेत?”

बॉसना राग आवरत नव्हता. “अशा वेळी तुम्ही उठून जाता?”

“मी आत होतो.”

“हा म्हणाला, गेले.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. बघितलं तसंच, जसं पडद्यावरचा एखादा चौकोन का विझला ते शोधताना बघायचे.

“बिल्ला बघितला नाहीस?”

“नाही,” मी म्हणालो.

हे मात्र खोटं होतं, साधं सरळ.

त्यांनी मान हलवली. सर्व्हरवर आधी काय चढवलेलं होतं, कुणाच्या हातचं होतं, हे ते एका वाक्यात सांगू शकले असते. बॉस बरंच बोलले. उद्यापासून येऊ नका, हे त्यात कुठेतरी येऊन गेलं. ते ऐकत होते की नाही कुणास ठाऊक. बोलणं संपल्यावर बोळात गेले, खिळ्यावरून बिल्ला काढला, खिशात टाकला. मग टेबलाशी येऊन, सवयीने, माउस उलटा केला आणि निघाले. हॉलमध्ये इतके लोक होतो. कुठे, असं कुणी विचारलं नाही.

त्यांनी त्या खोलीत बसून चढवलेला प्रोग्रॅम उत्तम चालत होता. मजला उजळायचा, फ्लॅट उजळायचा, उघडायचा, कुठे एक लुकलुक नाही. पुढच्या आठवड्यात मॅडमना तो मी दाखवला. त्यांनी माझं कौतुक केलं. टीम माझी झाली.

आता त्यातलं काही कुणाला करावं लागत नाही. नव्या व्यवस्थेत बाण आतल्या चौकोनावर गेला तर मोठ्याला चुकीची खबर न जाण्याची सोय तयारच मिळते. माझ्या हाताखालच्या मुलांना हा प्रश्न कधी होता हेच माहीत नाही. मी एकदा सांगायला लागलो तर एकजण म्हणाला, “सर, ते तर बाय डिफॉल्टच होतं ना?” मी हो म्हणालो.

मी त्यांच्या घरी गेलो होतो, एकदाच. त्या प्रसंगाला काही वर्षं झाली होती. ऐकलं होतं की ते गावी गेले, कायमचे. कुणी सांगितलं ते आठवत नाही. मला ते सोयीचं होतं म्हणून मी खरं धरलं. मग लालबागला कुणाच्या तरी घरी गेलो असताना त्या चाळीसमोरून जावं लागलं, आणि पाय आपोआप जिना चढले. दार उघडं होतं. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. आई खाली बसून कोथिंबीर निवडत होती, बरीच वाकलेली. चौकटीच्या आतल्या बाजूला एका खिळ्यावर पितळी बिल्ला लटकत होता.

“कोण?” आईने डोळ्यांवर हात धरला. “तू तो सुरमई खाल्लेलो.”

“हो, आई.”

“हा भितूर आसा. मोरयेत. ये, बस.”

मोरीत पाण्याचा आवाज येत होता. मी चप्पल काढायला वाकलो आणि तसाच राहिलो. तो बिल्ला माझ्या तोंडासमोर होता. बघितला नाहीस? नाही. तेच शब्द पुन्हा ऐकू यायला लागले.

“भितूर येतलंस काय थंयच उभो रवतलंस?” आई म्हणाली.

“नंतर येतो, आई. जरा घाई आहे.”

मी गॅलरीतून चालत जिन्यापर्यंत आलो, चार पायऱ्या उतरलो आणि थांबलो. पाण्याचा आवाज बंद झाला होता. वर त्यांचा आवाज आला, “कोण होतो गे?”

“तुझ्या हापिसातलो तो. सुरमई खाल्लेलो. गेलो.”

“खंय?”

आई काहीतरी म्हणाली, ते मला नीट ऐकू आलं नाही. मग पुन्हा त्यांचा आवाज, गॅलरीच्या बाजूने, थोडा जवळ आलेला.

“खाली गेलो, की जिन्यात उभो आसा?”

त्यांच्या घराला आता कुलूप आहे. आधी आई गेली, मग तेही वारले, हे मला फार उशिरा कळलं, तेही दुसऱ्याच कुणाकडून. त्या दिवशी मात्र ते कठड्याशी उभे होते, ओल्या हातांनी, आणि वाट बघत होते. मी जिन्यातच होतो. भिंतीला पाठ लावून, श्वास धरून, ते आत जाईपर्यंत.